किंग दिन, हीलिंगचा मंगळवार आणि बेघरांसाठीचं काम : अमेरिकेतल्या कॉलेजांत हे नेमकं कसं करतात?

तिरफळ

जानेवारीतला तिसरा सोमवार म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग दिन. सुट्टीचा कायदा १९८३ चा, प्रत्यक्ष सुट्टी सुरू झाली १९८६ मध्ये, आणि १९९४ च्या कायद्याने तो सेवेचा दिवस ठरला. लगेचचा मंगळवार २०१७ पासून 'नॅशनल डे ऑफ रेशियल हीलिंग', म्हणजे वंशभेदाच्या जखमा भरून येण्यासाठीचा दिवस, म्हणून पाळतात. ही कल्पना केलॉग फाउंडेशनची. (हो, तेच कॉर्नफ्लेक्सवाले. त्या केलॉगने १९३० मध्ये ही संस्था काढली.) बरीच कॉलेजं दोन्ही दिवस एकत्र बांधतात. सोमवारी बेघरांसाठी गरजेच्या वस्तूंच्या पिशव्या भरायच्या, मंगळवारी गोल करून वंशभेदाबद्दल बोलायचं.

या समित्यांवर आता मराठी मुलंही असतात. आयत्या वेळी 'पिशव्यांचं तू बघ' म्हणून काम गळ्यात पडतं आणि मराठीत कामाची माहिती कुठे सापडत नाही. म्हणून हा धागा. अनुभवकथन नको, कृती सांगा. काय, किती, कुठे फसतं. 'रेशियल हीलिंग'ला मराठी शब्द सुचला तर तोही सांगा. 'वांशिक सलोखा' म्हटलं की मला गणपतीआधीची शांतता समितीची बैठक आठवते.

उंबरठा

शब्दाचं राहू दे, हीलिंगच म्हणू. पण दोन कामं एकत्र का, हे समितीला आधी कळलेलं बरं. नाहीतर सोमवार दानधर्माचा आणि मंगळवार भाषणांचा होतो.

जानेवारी २०२४ मधल्या एका रात्रीच्या गणतीत अमेरिकेत ७,७१,४८० बेघर मोजले गेले. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १२ टक्के, या बेघरांत ३२ टक्के. हा फरक आभाळातून पडलेला नाही. १९३३ मध्ये निघालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या घरकर्जाच्या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे चार रंगांत रंगवले. हिरवा सर्वांत चांगला, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे कर्ज द्यायला धोका. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या जवळपास सगळ्या लाल रंगात. सरकारी हमीची घरकर्जंही गोऱ्यांच्या उपनगरांकडे वळली. घर विकताना-भाड्याने देताना भेदभाव करायला बंदी घालणारा फेअर हाउसिंग कायदा झाला एप्रिल १९६८ मध्ये, किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभराने. तोवर घर विकत घेऊन पुढच्या पिढीला देण्याची संधी कित्येकांच्या हातून गेली होती. आईबापांचं घरच नसेल तर नोकरी सुटल्यावर परत जायला जागा उरत नाही, इतकं ते सरळ आहे.

यावर करून बघायची एक गोष्ट. रिचमंड विद्यापीठाच्या 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' या संकेतस्थळावर हे नकाशे फुकट मिळतात. आपल्या शहराचा नकाशा मोठ्या कागदावर छापा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ठेवा आणि आजचे निवारे, फूड पँट्री (गरजूंना फुकट शिधा मिळतो ती जागा), बसचे मार्ग मार्करने काढा. चार-चारचे गट, चाळीस मिनिटं पुरतात. अडचण एकच. चाळीस हजारांहून कमी वस्तीच्या गावांचे नकाशे सहसा झालेच नाहीत. तिथे काउंटीच्या नोंदणी कार्यालयात १९२०-४० च्या काळातली खरेदीखतं काढून बघा. 'गोऱ्या वंशाखेरीज कुणाला विकू वा भाड्याने देऊ नये' अशी अट कित्येक खतांत सापडते. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अट कोर्टाकडून बजावून घेता येणार नाही असं ठरवलं, पण कागदावरची ओळ तशीच राहिली. रंगीत नकाशापेक्षा ही एक ओळ मुलांना जास्त लागते.

आणि सगळं खापर नकाशावर फोडू नका. नकाशा काढणाऱ्यांनी आधीपासूनचा भेदच कागदावर उतरवला होता.

सुईदोरा

पिशव्यांबद्दल. शंभर पिशव्यांचा हिशोब धरू.

सर्वांत मागणी असते मोज्यांना, आणि दान सर्वांत कमी येतं तेही मोज्यांचंच, कारण वापरलेले मोजे कुणी घेत नाही. प्रत्येकी २ जोड म्हणजे २०० जोड, नवे, गडद रंगाचे. जानेवारीत सुती नको. सुती मोजा ओला झाला की ओलाच राहतो आणि पाय सडायला लागतात. लोकर किंवा सिंथेटिक मिश्रण घ्या. खर्चाचा निम्मा भाग मोज्यांवर गेला तरी चालेल.

बाकी : झाकण असलेला टूथब्रश, छोटी पेस्ट, कंगवा, नेलकटर, ओठांचं मलम, सॅनिटरी पॅड (वेगळ्या गठ्ठ्यात, मागेल तिला), हात गरम ठेवणाऱ्या पुड्या. या पुड्या हवा लागली की तापतात आणि आठ-दहा तास टिकतात. त्यामुळे बाहेरचं वेष्टन फाटलेलं पाकीट म्हणजे मेलेलं पाकीट, भरताना प्रत्येक तपासा. त्या थेट कातडीला लावायच्या नसतात, हे चिठ्ठीवर लिहा.

टाळायचं ते : दाढीचं ब्लेड, कात्री, अल्कोहोल असलेला माउथवॉश. निवाऱ्याच्या दारातच ते काढून घेतात आणि माणसाला उगाच झडतीचा अपमान. ओले टिश्यू (वेट वाइप्स) हिवाळ्यात गोठून वीट होतात. कडक ग्रॅनोला बार दात नसलेल्याला चावत नाही, मऊ बिस्किट किंवा फळाचा गर असलेली पुडी द्या. डब्याला ओढायची कडी नसेल तर तो डबा नको. ओपनर कुठून आणणार?

सगळ्यांकडून होणारी चूक म्हणजे साबण आणि खाऊ एकाच पिशवीत. दोन दिवसांत बिस्किटाला साबणाचा वास लागतो आणि ते थेट कचऱ्यात जातं. खाऊची पिशवी वेगळी, आणि ती वाटपाच्या दिवशीच भरा. शांपूच्या बाटलीचं झाकण चिकटपट्टीने बंद करून ती छोट्या झिपच्या पिशवीत घाला, नाहीतर मोजे भिजतात.

भरायला टेबलं यू आकारात, प्रत्येक वस्तूला दोन माणसं, शेवटी एक जण फक्त तपासायला. वीस जणांत शंभर पिशव्या तासाभरात होतात. साठ जण बोलावलेत तर चाळीस जण फोटो काढत बसतात.

अर्धविराम

आमच्याकडे फ्लीसची (मऊ, उबदार सिंथेटिक कापडाची) गाठी मारून केलेली पांघरुणं ठरली आहेत. कापड किती लागेल? आणि त्या प्लास्टिकच्या पिशव्यांच्या चटया करतात, त्या कशा असतात?

सुईदोरा

अर्धविराम, ६० इंच पन्ह्याचं फ्लीस प्रत्येकी दीड यार्ड, असे दोन तुकडे. आधी दोन्हीची एक सरळ किनार कापून घ्या, कारण दुकानातली कड गुंडाळलेली असते. एकावर एक ठेवताना दोघांचा ताण एकाच दिशेने हवा, नाहीतर पांघरूण वाकडं खेचलं जातं. चारही कोपऱ्यांतून ४ बाय ४ इंचाचे चौकोन काढून टाका. मग कडेला १ इंच रुंद, ४ इंच खोल पट्ट्या. ५४ बाय ६० च्या मापात १९६ पट्ट्या येतात, म्हणजे तितक्याच गाठी. चार जण असतील तर दीड तास. गाठ करकचून मारली की कड चुरगळते, नुसती बसेल इतकीच मारा.

चटयांचं उत्साहाने सांगवत नाही. सहा फुटी चटईला ५०० ते ७०० पिशव्या लागतात, आणि पट्ट्या कापून, जोडून, जाड सुईने क्रोशा विणायला कित्येक आठवडे. जमिनीची ओल मात्र ती छान अडवते, वजनाला हलकी, ढेकूणही घर करत नाहीत. वर्षभर चालणारा विणकामाचा गट असेल तर करा. एका दुपारच्या कार्यक्रमात अर्धवट चटया उरतात आणि त्या कुणीच पुऱ्या करत नाही.

कोरा कागद

मोजे-पांघरुणं ठीक. पण खरेदीच्या आधी एक फोन करा. निवाऱ्याला विचारा, 'आत्ता तुमच्याकडे काय संपलंय?' जानेवारीत सगळ्या शाळा-कॉलेजांच्या पिशव्या एकदम येतात आणि साठवायला जागा नसते. बऱ्याचदा उत्तर येतं : मोठ्या मापाची अंतर्वस्त्रं, कपडे धुण्याची पावडर, बसचे पास. फोन ऑक्टोबरमध्ये. डिसेंबरात त्या लोकांना मान वर करायलाही वेळ नसतो.

दुसरं, कॉलेजला जे खरोखर जमतं आणि कुणी करत नाही ते म्हणजे कागदपत्रांचं शिबिर. तंबू उचलला गेला की ओळखपत्र गेलं. ओळखपत्र नाही म्हणून घराचा अर्ज नाही, नोकरी नाही. जून २०२४ मध्ये ग्रँट्स पास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी झोपल्याबद्दल दंड करायची शहरांना मुभा दिली. सामान असं जाण्याची धास्ती त्यामुळे वाढलीच.

क्रम असा ठेवा. आधी जन्मदाखला, जन्म झाला त्या राज्याकडून मागवायचा. तिथे प्रत्येक राज्याचा अर्ज आणि शुल्क वेगळं, म्हणून विद्यार्थ्यांनी आधी तक्ता करून ठेवावा. मग सोशल सिक्युरिटीचं कार्ड. बदली कार्ड फुकट असतं, पण वर्षाला ३ आणि आयुष्यात १० एवढीच मिळतात. हरवतील त्यांना प्लास्टिकचं जलरोधक पाकीट द्या, त्याला दोरी लावून. शेवटी राज्याचं ओळखपत्र. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत बेघरांना ते विनाशुल्क मिळतं, पण त्यासाठीचा वेगळा अर्ज संस्थेच्या सहीने न्यावा लागतो. टपालासाठी पत्ता नसेल तर पोस्टाची 'जनरल डिलिव्हरी' आहे. टपाल ३० दिवसांपर्यंत ठेवतात.

घोळ सहसा पहिल्याच पायरीवर होतो. जन्मदाखल्याला ओळखपत्र मागतात आणि ओळखपत्राला जन्मदाखला. अशा वेळी शपथपत्र किंवा समाजसेवकाचं पत्र चालतं का, हे त्या राज्याच्या कार्यालयाला फोन करून आधी विचारून ठेवा. शिबिरात नोटरी बसवलात तर निम्मं काम सोपं.

भाकरतुकडा

घरी शंभर माणसांची मूगडाळ खिचडी करून थेट निवाऱ्यात नेली तर? मोजे कुणीही देईल, गरम खिचडी कोण देणार?

पळीवाढ

भावना कळली, पण घरी शिजवलेलं अन्न बहुतेक निवारे घेत नाहीत. परवाना असलेलं स्वयंपाकघर लागतं. दोन वाटा आहेत. निवाऱ्याच्याच स्वयंपाकघरात जाऊन शिजवा, किंवा कॉलेजच्या मेसचं स्वयंपाकघर मागा.

शंभर जणांना साडेपाच किलो तांदूळ आणि अडीच किलो मूगडाळ. शिजून ताटाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास पडते. हिरवी मिरची नको, तिखट वेगळं ठेवा. तूप घातलंत तर ॲलर्जीवाल्यांसाठी दुधाची पाटी लावा. शेंगदाणे आणि काजू टाळाच. आणि हिंग! डबीतल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. 'ग्लूटेन नाही' अशी पाटी लावून हिंगाची फोडणी दिली की घात. डबीवरचे घटक वाचा, तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो.

भात हा धोक्याचा पदार्थ आहे. शिजवलेला भात कोमट राहिला की त्यात जंतू विष तयार करतात आणि ते पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून वाढेपर्यंत ५७ अंश सेल्सियसच्या वर ठेवा. गार करायचा असेल तर ५७ वरून २१ वर दोन तासांत आणि २१ वरून ५ वर पुढच्या चार तासांत आला पाहिजे. मोठ्या पातेल्यात हे कधीच होत नाही, दोन इंच खोलीच्या थाळ्यांत पसरा. परत गरम करताना ७४ अंश. थर्मामीटर मधोमध खुपसा, कडेला नाही.

मेसमध्ये उरलेलं अन्न न्यायचं असेल तर १९९६ च्या बिल इमर्सन कायद्याने चांगल्या हेतूने संस्थेला अन्न देणाऱ्याला संरक्षण आहे. मेसचा व्यवस्थापक 'कायद्याची अडचण' म्हणाला तर हे नाव सांगा. उरलेलं अन्न गरजूंपर्यंत नेणारं फूड रिकव्हरी नेटवर्क हे २०११ मध्ये मेरिलँड विद्यापीठात विद्यार्थ्यांनीच सुरू केलं. तापमान आणि वेळ लिहायची वही त्यांच्या पद्धतीने ठेवली की व्यवस्थापकही निर्धास्त.

गोलमेज

मंगळवारचं मी सांगते. (आयडी गोलमेज असला तरी पहिली सूचना : टेबल नको.)

दहा ते बारा जण, त्याहून जास्त आले तर दुसरा गोल. प्रत्येक गोलाला दोन संचालक, दोघे वेगवेगळ्या वंशाचे, आधी प्रशिक्षण घेतलेले. अमेरिकन कॉलेजांच्या संघटनेने या हीलिंगच्या कामासाठी २०१७ मध्ये पहिली दहा केंद्रं निवडली होती, त्यांत स्पेलमन, ब्राउन, ड्यूक, रटगर्स-न्यूअर्क यांच्या जोडीला द सिटाडेल हे लष्करी कॉलेजही होतं. तिथली पद्धत मुळात ऐकण्याची आहे, वादाची नाही.

वेळ अडीच तास. पहिली २० मिनिटं संकेत वाचायला : गोलात एकेकाने एकेक ओळ वाचायची. 'मी' वरून बोलायचं, 'तुम्ही लोक' वरून नाही. नको असेल तर 'पास' म्हणायचं, कारण द्यायचं नाही. कुणाला सल्ला द्यायचा नाही. कोण काय बोललं ते बाहेर नेऊ नये, स्वतःला काय उमगलं ते न्यायला हरकत नाही. मग जोड्या. एक बोलतो चार मिनिटं, दुसरा फक्त ऐकतो, मान डोलवणंही बेताने. मग अदलाबदल. प्रश्न साधा ठेवा : 'आपण कुणाच्या तरी नजरेत माणूस म्हणून नीट दिसलो, असा एक प्रसंग.' पहिलाच प्रश्न 'तुमच्यावर झालेला अन्याय' असा ठेवला तर गोल तिथेच मोडतो. दुसऱ्या फेरीत जरा खोल जा. शेवटची २५ मिनिटं मोठ्या गोलात, एकेक वाक्य.

एक गोष्ट सगळे विसरतात. संचालक प्राध्यापक किंवा कर्मचारी असेल तर लैंगिक छळाची तक्रार कानावर आल्यास कॉलेजला कळवणं त्याला टायटल नाइनच्या (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धच्या कायद्याच्या) नियमांमुळे बंधनकारक असू शकतं. म्हणून 'इथलं काहीच बाहेर जाणार नाही' असं वचन देऊ नका, मर्यादा सुरुवातीलाच सांगा. समुपदेशक शेजारच्या खोलीत बसलेला असावा.

फसतं कुठे? वर्गातल्या एकुलत्या एका कृष्णवर्णीय मुलीकडे सगळ्यांच्या माना वळतात. तिने शिकवावं अशी अपेक्षा असते. संचालकाने अशा वेळी प्रश्न गोलाकडे परत न्यावा. कुणी गोरा विद्यार्थी रडू लागला की सगळा गोल त्याला समजावण्यात जातो. पाण्याचा ग्लास द्या, एक संचालक शांतपणे त्याच्याजवळ सरकेल, दुसरा फेरी चालू ठेवेल. आणि उपस्थितीचे गुण देऊन मुलांना आणू नका. सक्तीने बसलेला माणूस घड्याळ बघतो, आणि ते सगळ्यांना दिसतं.

निवाऱ्यातल्या कुणाला 'तुमची कहाणी सांगा' म्हणून बोलवायचं असेल तर मानधन द्या, तेही त्याच दिवशी रोख. चेक नको. खातं नसेल तर चेक वटवणारं दुकान त्यातून कापून घेतं.

उंबरठा

टेक्सासवाल्यांसाठी जोड : तिथल्या सरकारी कॉलेजांत एस. बी. १७ कायदा १ जानेवारी २०२४ पासून लागू आहे, विविधतेची कार्यालयं बंद झाली. नोंदणीकृत विद्यार्थी संघटनांचे उपक्रम मात्र त्यातून वगळले आहेत. म्हणजे पत्रकावर विभागाचं नाव नको, संघटनेचं हवं. कॉलेजच्या वकिलाला आधी दाखवा.

अर्धविराम

गोलात भारतीय मुलं 'हा आमचा इतिहास नाही' म्हणून गप्प बसतात. त्यांच्यासाठी काय?

गोलमेज

गप्प बसू द्या, पण आधी दोन गोष्टी वाचायला द्या. एक, १९२३ चा भगतसिंग थिंद खटला : भारतीय माणूस 'गोरा' नाही म्हणून नागरिकत्वाला अपात्र, असा निकाल. दोन, आपण आज इथे आहोत ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे, आणि तो नागरी हक्क चळवळीच्या काळातला.

मराठी मुलांना तर दुवा घरचाच आहे. कोलंबियात शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांचं गाऱ्हाणं संयुक्त राष्ट्रांपुढे मांडणाऱ्या अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. जात हा विषय गोलात येणारच. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने २०२२ मध्ये तो भेदभावविरोधी नियमांत घेतला. मात्र कुणाला आडनाव विचारू नका. आडनाव विचारणं म्हणजे काय, ते आपल्याला इथे समजावून सांगायला नको.

घडीची खाट

सगळे बाहेरच्या बेघरांबद्दल बोलताहेत. पिशवी भरणाऱ्या वीस मुलांतला एखादा स्वतः मित्राच्या सोफ्यावर झोपत असतो.

१९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली शिक्षण खातं अशा 'नाइलाजाने दुसऱ्याकडे राहणाऱ्या' मुलाला बेघर धरतं. घरबांधणी खातं त्याच्या गणतीत सहसा धरत नाही. म्हणून निवाऱ्यात 'तू बसत नाहीस' म्हणाले तरी आर्थिक मदतीच्या अर्जात तो बसतो. एकट्या बेघर तरुणाला एफ. ए. एफ. एस. ए. या सरकारी मदतीच्या अर्जात पालकांचं उत्पन्न द्यावं लागत नाही. निवाऱ्याचा संचालक, शाळेचा बेघर-समन्वयक, ट्रायोचा (गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांसाठीच्या सरकारी कार्यक्रमाचा) अधिकारी यांचं पत्र चालतं. तसं पत्र नसेल तर कॉलेजचं आर्थिक मदत कार्यालय स्वतः निर्णय करतं. 'कुणी पत्र दिलं नाही म्हणून नाही' हे उत्तर मानू नका.

सुट्टीत वसतिगृह बंद होतं तो काळ सर्वांत वाईट. समितीने डिसेंबरात एवढंच विचारलं तरी पुष्कळ : कोणत्या खोल्या उघड्या राहतील, आणि त्यासाठी कारण सांगावं लागेल का?

विद्यार्थी स्वतः निवारा चालवू शकतात. हार्वर्ड चौकातला निवारा १९८३ पासून विद्यार्थ्यांच्या जोरावर चालतो, चर्चच्या तळघरात. पण रात्रपाळीला परीक्षेच्या आठवड्यात माणसं कुठून आणणार, हे ठरवल्याशिवाय त्या फंदात पडू नका.

कोरा कागद

जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत ती एका रात्रीची गणती असते, तिलाही स्वयंसेवक लागतात. झोपलेल्याला उठवायचं नाही, तंबूचा पडदा उचलायचा नाही, टॉर्च तोंडावर मारायचा नाही. आणि वंशाच्या रकान्यात अंदाज नको : जागा असेल तर विचारा, झोपला असेल तर 'कळलं नाही' लिहा. वरचे ३२ टक्के अशाच रकान्यांतून येतात.

घर कुणाला आधी, हे ठरवायला कित्येक शहरांत व्ही. आय.-स्पीडॅट (VI-SPDAT) नावाची एक गुणांची प्रश्नावली वापरायचे. तिच्यात गोऱ्यांना जास्त गुण पडतात असं दिसल्यावर बऱ्याच ठिकाणी ती बदलली. मंगळवारच्या गोलात ही प्रश्नावली वाचायला द्या. भेदभाव करायला कुणी दुष्ट असावंच लागतं असं नाही, हे तिच्यातून लगेच कळतं.

तिरफळ

अवांतर पण महत्त्वाचं : एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावाल्यांनी स्वयंसेवा केली तर चालते ना?

उंबरठा

नफा न कमावणाऱ्या संस्थेत, बिनमोबदला, आणि जे काम एरवी पगारी माणूस करतो ते नसेल तर. भेटकार्ड किंवा फुकट राहणं हाही मोबदला धरला जाऊ शकतो. शंका असेल तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

तिरफळ

शेवटचा प्रश्न. वाटप झाल्यावर चाळीस पिशव्या उरल्या तर?

सुईदोरा

खाऊची पिशवी आधी बाजूला काढा, तिची तारीख बघा. बाकीच्या दहा कॉलेजच्या पँट्रीत, दहा सार्वजनिक वाचनालयाच्या काउंटरमागे (थंडीत बेघर लोक दिवसभर तिथेच असतात, कर्मचाऱ्यांना विचारून ठेवा), उरलेल्यांसाठी २११ या मदतीची माहिती देणाऱ्या क्रमांकाला फोन करा, तिथे कुणाला हवं ते सांगतात. मोजे मात्र पिशवीतून काढून सुटे द्या. जोडी सुटी असली की लोक दोन घेतात.